आठ-एकोणचाळीस

आमचं घर आणि आमचं गॅरेज यांच्यामध्ये भिंत नव्हती, पत्रा होता. एका बाजूनं चुलीच्या धुरानं काळा, दुसऱ्या बाजूनं ऑइलनं. अलीकडे माय खलबत्त्यात मिरच्यांचा ठेचा कुटायची, पलीकडे आबा हातोड्यानं बेअरिंग ठोकून काढायचे, आणि पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला ताट पुढे येईपर्यंत कळायचं नाही की यातलं आपल्याला खायला काय मिळणार आहे. जळगावच्या उन्हाळ्यात तो पत्रा इतका तापायचा की त्याला पाठ टेकवून बसणं ही आमच्याकडे शिक्षा होती. ती मी पुष्कळदा भोगली आहे. आता ज्या गुन्ह्याबद्दल लिहिते आहे, त्याबद्दल मात्र एकदाही नाही.

आबा गाड्या दुरुस्त करत नसत. हे ते स्वतः फार तोऱ्यात सांगत. ते फक्त डिफरन्शियल दुरुस्त करत. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा असतो, त्याच्या पोटातला हा ऐवज. इंजिनाकडून येणारा दांडा त्यातलं लहान चक्र फिरवतो, ते मोठ्या चक्राला फिरवतं, आणि मोठं चक्र चाकांना. आमच्या घरी त्या सगळ्याला नुसतं ‘गोळा’ म्हणत. धरणगाव, पारोळा, चोपडा, पार नंदुरबारपर्यंतचे गोळे पोत्यात बांधून एसटीच्या टपावरून आमच्याकडे येत. पोतं उघडणं, गोळा घासलेटमध्ये धुणं आणि दोन्ही चक्रांचे दात मोजणं हे काम माझं. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, कॉलेजात गणितात पहिली आणि घरात दात मोजण्यात पहिली. मोजून झालं की पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं ठोकून आकडे उमटवायचे आणि ती पाटी तारेनं गोळ्याला बांधायची. लहान चक्राचे दात आधी, मोठ्याचे नंतर.

दोन आकडे समजून घ्या, पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. आठ-एकोणचाळीस म्हणजे जुन्या अँबॅसिडर टॅक्सीचा गोळा. चाक एकदा फिरायला दांडा जवळजवळ पाच वेळा फिरतो. गाडी ओढते बैलासारखी, पण पळत नाही आणि इंजिन बोंबलतं. दहा-त्रेचाळीस म्हणजे पळणाऱ्या गाडीचा गोळा. चाक एकदा फिरायला दांडा चार वेळा आणि वर थोडासा. इंजिन निवांत आणि गाडी सुसाट. बाहेरून दोन्ही गोळे जुळे भाऊ. बोल्टाला बोल्ट जुळतो, एकाच्या जागी दुसरा अगदी सुखानं बसतो. एक म्हातारा झालेला टॅक्सीवाला आणि एक राजपुत्र, आणि दोघांचे कपडे एकाच मापाचे!

आता आमच्या घरचा रिवाज. दुपारी दोन वाजता गॅरेज थांबायचं, सगळे आत येऊन जेवायला बसायचे, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडला की आबा कुणाचीतरी नक्कल करायला सांगायचे. सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाची, शेजाऱ्याची, मेलेल्या आत्याची, कुणाचीही चालायची. आमच्या घरी कुणी कुणाला जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. पण आबा हसता हसता ठसका लागून पाणी मागायला लागले की आपण या घरातले आहोत असं वाटायचं. भरताचं वांगं असोद्याहून यायचं, त्याच्यावर लसणीचं तेल, जोडीला कळण्याची भाकरी, आणि त्या भाकरीच्या प्रत्येक घासाला कुणाची ना कुणाची अब्रू तोंडी लावायला. त्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

माझं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे सुकदेवनाना.

सुकदेवनाना मूळचा धरणगावचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. वीस वर्षं आमच्या गॅरेजात कोपऱ्यातल्या खाटेवर झोपायचा आणि आमच्या पंगतीत जेवायचा. आबांचं नाव खानदेशभर होतं ते खरं म्हणजे नानाच्या कानामुळे. तयार गोळा शिकंज्यात धरून मोटरच्या पट्ट्यावर फिरवायचा आणि नाना मोठा स्क्रू-ड्रायव्हर त्याला टेकवून मूठ कानाशी लावायचा. दोन चक्रं एकमेकांना जास्त दाबत असतील तर गोळा रडतो, सैल असतील तर खडखडतो, आणि बरोबर बसली तर गप्प होतो. हा गप्पपणा नानाला ऐकू यायचा. ‘कानाचा मिस्त्री’ म्हणत त्याला.

मग एका वर्षी नाना स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावायचं सोडून दातात धरायला लागला. डोळे मिटलेले, मान वाकडी, आणि तोंडात ती पिवळी मूठ, जणू कुल्फी खातोय. लोकांना वाटलं, मोठ्या माणसाची नवी तऱ्हा. मी दुसऱ्याच दिवशी दुपारी दातात डाव धरून वरणाच्या पातेल्याला टेकवला आणि डोळे मिटून म्हणाले, “वरणात मीठ कमी शे.” आबांना ठसका. नानाही हसला. सगळे हसले की तो हसायचाच.

हे ‘सगळे हसले की’ मला खटकलं. नक्कल करणाऱ्याची नजर चोराची असते. दोन दिवस मी नुसती नानाकडे बघत राहिले. तो पंगतीत नेहमी अशा जागी बसायचा की सगळ्यांची तोंडं दिसावीत. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचा, डोळ्यांकडे कधीच नाही. तिसऱ्या दिवशी तो वाकून हात धूत असताना मी त्याच्या पाठीशी उभी राहून अगदी साध्या आवाजात म्हणाले, “नाना, तुमच्या धोतराला आग लागली.” नानानं शांतपणे चूळ भरली. धोतराकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आत पळाले आणि आबांना बातमी दिली. आख्ख्या खानदेशात ज्याच्या कानाची ख्याती, तो ठार बहिरा! गोळ्याचा आवाज तो दातांनी, हाडांनी ऐकत होता.

कुणाही बऱ्या घरात यावर चार माणसं हळहळली असती. आमच्याकडे खेळ सुरू झाला. नानाच्या पाठीमागून, नाहीतर त्याची नजर ताटात असताना, काहीही बोलायचं आणि चेहरा गंभीर ठेवायचा. आबा म्हणायचे, “सुकदेव, तुझं लगन लावू का रे म्हशीसंगे?” नाना भाकरी मोडत राहायचा. आम्ही फुटायचो. नाना वर बघायचा, आमची तोंडं बघायचा आणि मोठ्यानं हसायचा, मागे पडायला नको म्हणून जरा जास्तच. माय म्हणायची, “पाप लागी तुमले,” आणि पदरात तोंड लपवून तीही हसायची. हे आठ-दहा महिने चाललं. मला लाज वाटली का? खरं सांगू? मला आजही ते आठवून हसू येतं. हे लिहितानाही आत्ता आलं. त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक हिरवी गाडी आली. विलायती, दोनच सीटांची, कापडी छपराची, जमिनीला लागलेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण घेतलं की जाणकार लोक घरी येऊन माझ्या चुका काढतात. गाडी धुळ्याच्या तात्यासाहेबांची. त्यांची कापसाची जिनिंग होती, अंगात पांढरा सफारी आणि बोलण्यात सदानकदा मुंबई. त्यांच्या गाडीच्या गोळ्याचे दात तुटले होते. आबांनी ओळखी लावून मुंबईच्या भंगारातून दहा-त्रेचाळीसची जोडी मिळवली, आणि नानानं ती तीन दिवस दातात स्क्रू-ड्रायव्हर धरून अशी बसवली की गोळा मोटरवर फिरतोय हे हात लावल्याशिवाय कळू नये. तात्यासाहेब उभं राहून हे बघत होते. जाताना म्हणाले, “मिस्त्री, माझ्या ट्रकांसाठी मी धुळ्यात वर्कशॉप काढतोय. मुख्य मिस्त्री म्हणून येता का? गोळा बसला की माझ्याशेजारी बसायचं, धुळ्यापर्यंत गाडी ऐकायची, मला सांगायचं कशी बोलते ती. ठीक वाटलं तर तिथून तुम्ही माझे. राहायला खोली देतो.”

नानानं ओठ वाचले आणि मान हलवली. नंतर मायजवळ जाऊन त्यानं खोलीबद्दल विचारलं, म्हणजे मायला काय माहीत असणार, पण विचारलं. “वहिनी, त्या खोलीले आतून कडी व्हई का?” वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत झोपलेला माणूस. त्याला दुसरं काही नको होतं. माय म्हणाली, “व्हई ना. खोलीले कडी ऱ्हासच.” त्या दिवशी त्यानं पत्र्याची पेटी खाटेखालून काढून पुसली, आणि मग रोज एकदा पुसायला लागला.

दुपारी जेवताना आबांनी कुणाची नक्कल करायला सांगितलं नाही. नाना अजून मोरीवर होता. आबा म्हणाले, “बहिरा माणूस चालला कानानं नोकरी कमवायला. धुळ्याच्या लोकांची करमणूक होईल बघ. आपली गेली.” एवढंच. त्यांनी मला काही कर म्हणून सांगितलं नाही, हे मी त्यांच्या माघारी मुद्दाम नमूद करते. मला कुणी सांगण्याची गरजच नव्हती. माझ्या डोक्यात पडदा वर गेला. हिरवी गाडी एरंडोलच्या रस्त्यावर बोंबलत चालली आहे, इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडतंय, तात्यासाहेब विचारतायत, “कसं वाटतं?” आणि शेजारी नाना डोळे मिटून म्हणतोय, “गप्प शे, साहेब.” अशी नक्कल आयुष्यात पुन्हा मिळाली नसती.

गॅरेजच्या फळीवर एक तयार आठ-एकोणचाळीस पडून होता. दोन्ही गोळे ग्रीसनं माखलेले, पोत्यात गुंडाळलेले. मी पाट्यांची अदलाबदल केली. तारेला चार वेढे इकडे, चार तिकडे. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. नानानं पाटी वाचली आणि गोळा उचलून बसवला. दात बघायचं त्याला कारण नव्हतं. दात बेबीनं, म्हणजे मी, मोजले होते.

एक परीक्षा मात्र उरली होती. गोळा बसवल्यावर आमच्याकडे खडूचा हिशेब करत. मागचं एक चाक जमिनीवर ठेवायचं, एक जॅकवर उचलायचं. चाकावर खडूची रेघ, खाली दांड्यावर खडूची रेघ. उचललेलं चाक नानानं हातानं बरोबर दोन वेढे फिरवायचं. एक चाक अडलेलं असलं की दोन वेढ्यांचा एक धरतात. मी गाडीखाली झोपून दांडा किती फिरला ते मोजायचं. पूर्वी मी आतून ओरडून आकडा सांगायचे. वर्षभरापासून नाना म्हणायचा, “ओरडू नको, बोटं दखाड.” आता त्याचं कारण मला माहीत होतं. चार बोटं उभी आणि अंगठा जरासा बाहेर म्हणजे चार आणि थोडं, गोळा बरोबर. चार बोटं आणि अंगठा जवळजवळ ताठ म्हणजे पाचाला कमी, गोळा टॅक्सीचा. सगळा फरक अंगठ्याचा. मी गाडीखालून हात बाहेर काढला आणि अंगठा जरासाच बाहेर ठेवला. नानानं तो हात पाहिला, माझ्या तळव्यावर खुशीनं एक टपली मारली आणि चाक खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पुढे हिरवी गाडी, तात्यासाहेब आणि शेजारी नाना, नवी टोपी घालून, मांडीवर पत्र्याची पेटी. मागे ओळखीच्या टॅक्सीत आबा आणि मी. मी आबांना एवढंच सांगितलं होतं, “चला, मजा आहे.” आबा लगेच तयार झाले. मजा म्हटल्यावर ते कुठेही येत.

एरंडोल सुटेपर्यंत मी सीटच्या कडेवर. हिरव्या गाडीचं इंजिन मागच्या टॅक्सीत आम्हाला ऐकू येत होतं, शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं. तात्यासाहेबांनी सांगितलंच होतं की नवा गोळा आहे, काटा पन्नास मैलांच्या वर नेणार नाही. त्यांना काय माहीत की चुकीचा गोळा असला की काटाही चुकतो! काटा पन्नास म्हणत होता आणि गाडी जेमतेम चव्वेचाळीसनं चालली होती. पारोळ्याच्या अलीकडे एक लाल एसटी मागून आली. टपावर कोंबड्यांची खुराडी, दारात लोंबकळणारा कंडक्टर. ती आधी आमच्या आणि मग त्या विलायती गाडीच्या उजव्या अंगानं निघून गेली. कंडक्टरनं वळून तात्यासाहेबांना हात केला. आबा सीटवर आडवे झाले.

एका हॉटेलासमोर, कडुनिंबाखाली, हिरवी गाडी थांबली. आम्ही मागे पोचलो तेव्हा तात्यासाहेब उतरून उभे होते, कान लाल. नाना अजून आत बसलेला. मी तोंडावर साळसूद भाव आणून पुढे गेले. माझं वाक्य आता येणार होतं. ‘गप्प शे, साहेब.’

नाना उतरला आणि म्हणाला, “साहेब, हाऊ दहा-त्रेचाळीस नही. आठ-एकोणचाळीस शे.”

मी तोंडावरचा साळसूद भाव तसाच धरून ठेवला.

“कशावरून?” तात्यासाहेब म्हणाले.

नानानं स्वतःच्या जबड्यावर हात ठेवला. “आठे लागस ना. कवळपासून लागी ऱ्हायनं.” आठे म्हणजे इथे; इथे, हाडात, त्याला ते केव्हापासूनचं लागत होतं. एरंडोलपासून त्यानं समोरच्या दांडीला, जिथे लोक हात धरतात तिथे, दात टेकवले होते. तात्यासाहेबांना तो गाडी चावतोय असं वाटलं होतं.

“पाटीवर दहा-त्रेचाळीस आहे. मोजले कुणी?”

“मन्ही बेबीनी,” आबा म्हणाले. छाती काढून म्हणाले. “कॉलेजात गणितात पहिली आहे. ती चुकत नाही.”

“मग पुन्हा मोजा. इथेच.”

हॉटेलवाल्यानं खडू दिला, ज्या खडूनं तो पाटीवर शेवभाजी लिहायचा तो. टॅक्सीतला जॅक आला. गाडी इतकी खाली की आबांचं पोट तिच्याखाली मावणं शक्य नव्हतं, आणि तात्यासाहेब पांढऱ्या कपड्यांत धुळीत लोळणार नव्हते. खाली जाणारी मीच. भोवती वीस-पंचवीस माणसं जमली, चहाचे कप हातात घेऊन. मी पाठीवर सरकत आत गेले. वर तापलेला सायलेन्सर, मातीला ऑइलचा वास. नानानं चाक फिरवायला सुरुवात केली, सावकाश. दांड्यावरची पांढरी रेघ वर आली, एक. दोन. तीन. चार. आणि मग ती पुढे जात राहिली, जात राहिली, आणि पुन्हा पहिल्या जागी पोचणार एवढ्यात, बोटभर अलीकडे, थांबली.

तिथे पडल्या पडल्या मला सगळं स्वच्छ कळलं होतं. त्या वयाची पोरं कशी गोंधळतात, भितात वगैरे लोक लिहितात, तसं काही झालं नाही. खरा अंगठा दाखवला तर नाना जिंकतो, त्याला कडीची खोली मिळते, आणि वीस-पंचवीस माणसांसमोर मी आणि आबा खोटे ठरतो. खोटा दाखवला तर नाना जातो. मला आबांचे पाय दिसत होते, गाडीच्या कडेखालून. कोल्हापुरी वहाणा. डावा पाय हलत होता, नक्कल रंगात आली की हलायचा तसा. मी हात बाहेर काढला. चार बोटं उभी केली. अंगठा जरासाच बाहेर.

बाहेरून तात्यासाहेबांचा आवाज आला, “चार आणि थोडं. म्हणजे दहा-त्रेचाळीसच.” मी बाहेर सरकून आले तेव्हा नाना अजून माझ्या हाताकडेच बघत होता. मग तो आपल्या जबड्याला हात लावून चाचपायला लागला, दात दुखत असल्यासारखा.

तात्यासाहेब मूर्ख नव्हते. ते हळूच नानाच्या मागे गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, “मिस्त्री, तुमच्या पायाशी साप आहे.” नाना हलला नाही. “मिस्त्री, साप!” एक पोरगा घाबरून बाकावर चढला. नाना जबडा चोळत उभा. मग तो माणसांचा घोळका जो हसला! चहा सांडेपर्यंत हसले. नानानं वर पाहिलं, सगळ्यांची तोंडं पाहिली, आणि तोही हसला.

“बहिरा माणूस मला गाडीचा आवाज सांगतोय,” तात्यासाहेब म्हणाले. पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः सीटवरून उचलून बाकावर ठेवली, आणि बोंबलत्या इंजिनाची ती गाडी घेऊन धुळ्याकडे निघून गेले.

परतताना नाना टॅक्सीत पुढे बसला. त्याला आमची तोंडं दिसत नव्हती, त्यामुळे आबांनी जळगाव येईपर्यंत सापाचा प्रसंग सात वेळा केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मी केला. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रयोग. मी तात्यासाहेब झाले, एसटीचा कंडक्टर झाले, हसणारी गर्दी झाले, आणि शेवटी जबडा चाचपणारा नाना झाले, नाना समोर जेवत असताना. आबा डोळे आणि तोंड पुसत म्हणाले, “बेबी, खरं सांग. रेघ कुठं थांबली होती?” मी नानाकडे पाठ वळवून सांगितलं. पाट्यांचंही सांगितलं. आबांचा घास हातात राहिला. मग ते असे हसले की मी घाबरले. स्वतःच्या ताटातलं भरीत उचलून त्यांनी माझ्या ताटात टाकलं. त्याआधी त्यांनी मला कधी घास दिला नव्हता. माय उठून पाण्याच्या बहाण्यानं आत गेली ती जेवायला परत आली नाही. आणि नाना आमच्याकडे बघून, मागे पडायला नको म्हणून, भाकरीचा तुकडा हातात धरून खदाखदा हसत होता.

त्यानंतर नानानं स्क्रू-ड्रायव्हर दातात धरणं सोडलं. गोळा बसवायचा आणि मला म्हणायचा, “बेबी, तू सांग.” त्याला स्वतःच्या हाडांचा भरवसा राहिला नव्हता. त्यानं बसवलेले गोळे रडत परत यायला लागले.

पावसाळ्याच्या तोंडाशी तात्यासाहेब ती गाडी घेऊन पुन्हा आले. गाडी पळत नाही, पेट्रोल पिते, काहीतरी करा. आबांनी बिचाऱ्यासारखं तोंड केलं आणि गोळा बाहेर काढायला लावला. नानानं तो फडक्यानं पुसला, मोठ्या चक्राच्या एका दाताला खडू लावला आणि बोटानं मोजायला लागला. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. पुन्हा मोजले. मग तो उठला, आणि मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, कारण यावेळी बाकी कुणीच हसत नव्हतं. “मी सांगं व्हतं ना! मी सांगं व्हतं!” आबांचे दंड धरून त्यानं त्यांना हलवलं. समोरच्या पानवाल्याला जाऊन सांगितलं. मायला सांगितलं. मग तात्यासाहेबांसमोर उभा राहिला, ओठांकडे बघत.

तात्यासाहेब म्हणाले, “बरोबर होतं तुमचं. पण मी माणूस ठेवलाय आता.” मग जरा थांबून, “आणि कान तर गेलेलेच आहेत ना?”

नानानं मान हलवली. कान गेले होते, ते खरंच होतं.

“मग मोजलं कसं चुकलं?” तात्यासाहेबांनी आबांना विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “पोरगी आहे हो. कॉलेजात पाठ करून मार्क पाडतात. हिशेबात कच्ची.” त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर एकच गोष्ट बाहेर पडली असती, की मला मोजता येतं. आणि मोजता येत असेल तर पुढचं काय ते चार वर्षांच्या मुलालाही कळलं असतं. त्या दुपारी पंगतीत नवी नक्कल झाली, आबांनी स्वतः केली. बोटं मोजताना तीनानंतर पाच म्हणणारी बेबी. पुढे लग्न होईपर्यंत माझ्या घरात माझीच नक्कल चालली, आणि मला हसावं लागलं, मागे पडायला नको म्हणून.

नानाला मात्र माझी कीव आली. त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी त्या चेहऱ्याच्या इतक्या नकला केल्या होत्या की तो खोटं बोलत असता तर मला कळलं असतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “बेबी, तुले मोजता येत नही, ते सांगाले काय लाज?” दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी एक चक्र माझ्यापुढे ठेवायचा. दाताला खडू. “चाल, पहिलेपासून.” मी मोठ्यानं मोजायचे, एक, दोन, तीन. तो माझ्या ओठांकडे बघत प्रत्येक आकड्याला मान हलवायचा. गिऱ्हाइकं उभी राहून बघायची. बरोबर आलं की म्हणायचा, “शाबास. आखो एकदा.” बारावीचा निकाल लागला त्या सकाळीसुद्धा मी एकोणचाळीसपर्यंत मोजून मग पेढे वाटायला गेले.

माझं लग्न जळगावातच झालं, मेहरूणच्या बाजूला मांडव. बँड असा की कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, दोन तास आम्ही सगळेच नानासारखे. नाना नवी टोपी घालून आला होता. माझ्या सासऱ्यांचे दोन्ही हात हातात धरून तो त्यांना सांगत होता, आणि ते कान पुढे करत होते, “पोर गुनी शे. बठ्ठं काम करी लेस. फक्त मोजाले सांगू नका.” मग तो माझ्याकडे वळला आणि नेहमीप्रमाणे माझ्या ओठांकडे बघत उभा राहिला.

तेवढ्या गर्दीत मी त्याला सगळं सांगू शकले असते. आवाज काढायचीसुद्धा गरज नव्हती. नुसते ओठ हलवले असते तरी एका माणसाला कळलं असतं, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. असा कबुलीजबाब फार थोड्या लोकांना मिळतो. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “हो नाना. मी कच्चीच.”

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“माहेरले येत जाय,” तो म्हणाला. “शिकाडसू. मी आठेच शे.”